पहिली परसबाग : एक प्राथमिक पाठ



स्मरणिकेच्या पानांवर धम्म, चळवळ, शिक्षण, संघटन या विषयांवरचे लेख आपण नेहमीच वाचतो. त्यांच्या पंगतीला मेथी-मुळ्याच्या वाफ्याचा विषय बसवला, तर काही वाचकांना तो हलका वाटण्याचा संभव आहे. परंतु थोडा विचार केला तर दिसून येईल की, हा विषय आपल्या परंपरेला परका नाही. सम्राट अशोकाच्या गिरनार येथील दुसऱ्या शिलालेखात माणसांना व जनावरांना उपयोगी पडणाऱ्या वनस्पती, मुळे व फळे जिथे नव्हती तिथे आणून लावल्याची नोंद आहे. सुत्तनिपातातील कसिभारद्वाज सुत्तात पेरणीच्या दिवशी शेतावर भेटलेल्या ब्राह्मणाला तथागतांनी नांगर, बी आणि पाऊस यांच्याच भाषेत आपला मार्ग समजावून दिला. वर्षावासाची प्रथा सुरू होण्यामागे तर शेतीचेच कारण होते. पावसाळ्यात फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायाखाली हिरवे अंकुर व बारीक जीव तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार होती आणि म्हणून एका जागी राहण्याचा नियम झाला.

दुसरीही एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. आपल्या समाजाचे मातीशी असलेले नाते सरळ नाही. वाडवडिलांनी आयुष्यभर माती उपसली, परंतु ती दुसऱ्याची. हाडकी-हाडोळ्याच्या तुकड्याच्या मोबदल्यात साऱ्या गावाची रात्रंदिवस चाकरी करावी लागे. त्या वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने नाहीशी झाली. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले, ते कसण्यापुरत्या जमिनीसाठीच. ज्या खेड्याने माणूसपण नाकारले, ते सोडून शहरात आलेल्या पिढीला आपल्या मुलाच्या हाती खुरपे द्यावेसे वाटले नाही, तर त्यात नवल नाही. ‘आम्ही यातून सुटलो, पुन्हा तेच कशाला?’ हा प्रश्न रास्तच आहे.

त्याचे उत्तर असे की, वेठ आणि श्रम यांत फरक आहे. हुकूम दुसऱ्याचा, जमीन दुसऱ्याची आणि पीकही दुसऱ्याचे, तेव्हा ती वेठ होते. स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या ताटासाठी, सोयीच्या वेळी केलेले काम हा श्रम होय. त्यात कमीपणा नाही. शिवाय गरजही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असल्याचे आढळले. महिनाअखेरीस घरखर्चाला कात्री लागते, तेव्हा पहिली कात्री भाजीला लागते हे प्रत्येक गृहिणी जाणते. म्हणून ज्यांनी आजवर एकही बी पेरलेले नाही, अशा उपासक-उपासिकांसाठी हा प्राथमिक पाठ लिहिला आहे.

जागा किती असावी?

नव्याने बाग करणारा पहिला प्रश्न विचारतो तो जागेचा. ‘आमच्याकडे जमीनच नाही’ किंवा ‘आहे ती एवढीशी’ असे म्हणून विषय तिथेच संपतो. या ठिकाणी बाबासाहेबांच्या एका निबंधाची आठवण होते. भारतातील लहान धारणक्षेत्रांच्या प्रश्नावर त्यांनी १९१८ मध्ये इंग्रजीत निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या मोजमापावर ठरत नाही. त्यावर लागणारे श्रम, भांडवल व अवजारे यांच्या प्रमाणात ते ठरते, असा त्यातील एक महत्त्वाचा मुद्दा आहे. तो देशाच्या शेतीविषयी मांडलेला असला तरी परसबागेलाही तंतोतंत लागू पडतो. रोज अर्धा तास वेळ आणि चार बादल्या पाणी असणाऱ्या घराला एक गुंठा जमीन मोठी आहे, दहा बाय पंधरा फूट पुरेशी आहे. पहिल्या बागा बहुधा जमीन कमी पडल्याने बुडत नाहीत, सुरुवातीच्या उत्साहात झेपेल त्यापेक्षा जास्त खणल्याने बुडतात. महिन्याभरात तण वाढते, पाणी पुरत नाही आणि कुदळ कोपऱ्यात पडते.

दहा बाय पंधरा फुटांत प्रत्येकी दहा फूट लांब व तीन फूट रुंद असे चार वाफे बसतात आणि त्यांच्यामध्ये एकेक फुटाच्या तीन पायवाटा राहतात. रुंदी तीन फुटांहून जास्त ठेवू नये. दोन्ही बाजूंनी बसून हात मधोमध पोहोचला पाहिजे. एकदा केलेल्या वाफ्यात पाय देऊ नये, कारण पायाने माती दाबली की मुळांना हवा मिळत नाही. एवढेही झेपणार नसेल तर पहिल्या हंगामात दोनच वाफे करावेत.

जागा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. दिवसातून किमान सहा तास ऊन यावे, पाणी हाताशी असावे आणि जागा रोज नजरेखालून जाणारी असावी. घरामागच्या आडबाजूपेक्षा दारासमोरचा तुकडा बरा. जुन्या भिंतीचा राडारोडा, रंगाचे पापुद्रे किंवा कारखान्याची राख पडलेली जागा टाळावी, कारण जुन्या रंगात शिसे असते. गटाराचे पाणी भाजीला कधीही घालू नये. त्यातून रोगजंतू आणि घातक धातू थेट ताटात येतात. विहाराच्या, शाळेच्या किंवा सोसायटीच्या मोकळ्या जागेत बाग करायची असेल, तर आधी लेखी परवानगी घ्यावी, म्हणजे पुढे वाद होत नाही.

चाळीत अथवा सदनिकेत राहणाऱ्यांनी निराश होऊ नये. मेथी, कोथिंबीर, पालक यांना सहा ते आठ इंच खोलीची माती पुरते. जुने प्लॅस्टिकचे क्रेट, फुटकी टोपली, तेलाचे डबे चालतात. टोमॅटो, वांगी, मिरचीला मात्र किमान एक फूट खोलीची कुंडी किंवा बादली लागते. प्रत्येक भांड्याच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी भोके पाडणे आवश्यक आहे. गच्चीवर ओल्या मातीचे वजन फार होते, म्हणून भांडी भिंतीच्या कडेने ठेवावीत.

माती आणि खत

अवजारे थोडी लागतात : कुदळ, फावडे, खुरपे, घमेले आणि झारी. झारी नसेल तर डब्याच्या तळाला खिळ्याने बारीक भोके पाडून काम भागते.

माती खणण्याची योग्य वेळ म्हणजे वाफसा. फार ओली माती खणली तर ढेकळे होतात आणि ती वाळून विटेसारखी घट्ट बनतात. मूठभर माती घेऊन दाबावी. गोळा झाला आणि बोटाने टोचताच भुगा झाला, तर वाफसा आला असे समजावे. मग साधारण एक फूट खोल खणून दगड, काचा, हरळी व लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात. हरळीचा तुकडा राहिला तर महिन्यात पुन्हा वर येतो, म्हणून या कामात घाई नको.

देशावरची काळी माती पाणी धरून ठेवते, परंतु मुळाशी पाणी साचण्याची भीती असते. अशा जागी वाफा सहा इंच उंच करावा, त्याला गादीवाफा म्हणतात. मुरमाड जमीन आणि कोकणातील जांभी जमीन पाणी लवकर सोडते, तिला सेंद्रिय खत जास्त द्यावे लागते. कोकणात पावसाळी भाजीसाठीही गादीवाफाच हवा.

खताच्या बाबतीत एक नियम पाळावा : कुजलेलेच खत घालावे. ताज्या शेणात हुमणीच्या अळ्या असू शकतात आणि ते मातीत कुजताना उष्णता निर्माण होऊन कोवळी मुळे करपतात. दहा बाय तीन फुटांच्या एका वाफ्याला चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट एक घमेले भरून पुरे होते. ते वरच्या सहा इंच मातीत मिसळावे. सोबत दोन मुठी निंबोळी पेंड मिसळल्यास उत्तम.

कंपोस्ट घरीच तयार होते. भाजीची देठे, साली, चहाचा चोथा हा ओला कचरा एक भाग आणि वाळलेला पालापाचोळा, गवत हा कोरडा कचरा दोन भाग असे थर द्यावेत. मध्ये मूठभर माती टाकावी. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. दर पंधरा दिवसांनी ढीग वरखाली केल्यास तीन ते चार महिन्यांत काळसर, पावसाळी मातीचा वास येणारे खत मिळते. दुर्गंधी आली तर ओल जास्त झाली असे समजून सुका पालापाचोळा वाढवावा. शिजलेले अन्न, मांस व तेलकट पदार्थ ढिगात टाकू नयेत, त्याने उंदीर-घुशी येतात.

सुरुवात केव्हा करावी?

वर्षभर काही ना काही पेरता येते. पावसाळ्याच्या तोंडावर, जून-जुलैत भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारले, दुधी लावतात. जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी भेंडी, गवार, काकडी, तांदुळजा होतो. परंतु नवशिक्याने पहिली पेरणी ऑक्टोबरात करावी, असे सुचवावेसे वाटते. पावसाळ्यात तण आणि रोग आवरत नाहीत, उन्हाळ्यात पाणी पुरत नाही. ऑक्टोबरात जमिनीत ओल असते, पुढे थंडी येते, किडीचा जोर कमी राहतो आणि पालेभाज्यांना ते हवामान मानवते.

योगायोगाने हाच आपल्या स्मरणाचा काळ आहे. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो आणि १४ ऑक्टोबर हा १९५६ च्या धम्मदीक्षेचा दिवस. दीक्षादिनाला पेरणी करावी, म्हणजे तारीख लक्षात राहते आणि पुढचा हिशेब सोपा होतो. १४ ऑक्टोबर ते ६ डिसेंबर हे त्रेपन्न दिवस होतात. तेवढ्यात मेथी खाऊन होते, मुळा उपटून होतो, पालकाची दुसरी कापणी होते आणि घेवड्याच्या शेंगा सुरू होतात. परतीचा पाऊस लांबला असेल तर उघडीप मिळून वाफसा येईपर्यंत आठ-दहा दिवस थांबावे. दीक्षादिन म्हणून चिखलात बी टाकण्याचे कारण नाही.

चार वाफ्यांत काय पेरावे?

भाजीपाल्याचे पाने, मुळे, शेंगा आणि फळे असे चार गट पाडावेत व प्रत्येक गटाला एक वाफा द्यावा.

(१) पानांचा वाफा : मेथी, पालक, कोथिंबीर. वाफ्याचे तीन भाग करावेत. ओळींत सहा ते आठ इंच अंतर ठेवून बी अर्धा इंच खोल पेरावे. मेथी तीन ते पाच दिवसांत उगवते व पंचवीस ते तीस दिवसांत काढता येते. पालकाची पहिली कापणी साधारण महिन्याने होते. तो मुळापासून न उपटता दोन बोटे वर कापावा, म्हणजे पुन्हा फुटतो. कोथिंबिरीसाठी धणे चपलेखाली किंवा लाटण्याने हलके रगडून दोन भाग करावेत, रात्रभर भिजवावेत आणि मग पेरावेत. तिला उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, तोवर धीर धरावा. सर्व बी एकाच दिवशी न पेरता दहा-दहा दिवसांच्या अंतराने पेरल्यास भाजी एकदम तयार होऊन वाया जात नाही.

(२) मुळांचा वाफा : मुळा, गाजर, बीट आणि कडेने कांद्याची पात. यांचे बी जागेवरच पेरावे, रोपे उपटून लावू नयेत. त्याने मुळे वाकडी होतात. उगवल्यावर दर दोन-तीन इंचांवर एक रोप ठेवून बाकीची काढावीत. यास विरळणी म्हणतात. नवशिक्याला हे निर्दयपणाचे वाटते, परंतु दाटीत एकाही मुळाला अंग धरता येत नाही. विरळणीत निघालेल्या कोवळ्या मुळ्याच्या पाल्याची भाजी होते. मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तयार होतो, गाजराला अडीच ते तीन महिने लागतात.

(३) शेंगांचा वाफा : घेवडा. जेथे थंडी चांगली पडते तेथे वाटाणा, कोकणात वाल. बी एक इंच खोल, चार ते सहा इंचांवर टोकावे. घेवड्याच्या शेंगा सुमारे पन्नास दिवसांत सुरू होतात. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र साठवणारे सूक्ष्मजीव असतात. म्हणून पीक संपल्यावर झाड उपटू नये, जमिनीलगत कापून मुळे आतच राहू द्यावीत.

(४) फळांचा वाफा : टोमॅटो, वांगी, मिरची. यांची रोपे आधी खोक्यात किंवा उथळ टोपलीत तयार करतात. १४ ऑक्टोबरला खोक्यात बी टाकले तर टोमॅटोचे रोप चार आठवड्यांत, वांग्याचे चार-पाच आणि मिरचीचे पाच-सहा आठवड्यांत लावण्याजोगे होते. तोवर वाफा रिकामा राहतो, त्यात मेथी टाकावी. ती निघते त्याच सुमारास रोपे तयार होतात. दोन ओळींत दोन-दोन फुटांवर अशी दहा रोपे बसतात : चार टोमॅटोची, तीन वांग्याची, तीन मिरचीची. लावणी सायंकाळी करावी आणि लगेच पाणी द्यावे. टोमॅटोला काठी रोवून सुतळीने सैल बांधावे. नोव्हेंबरच्या मध्यात लावलेल्या टोमॅटोला जानेवारीच्या उत्तरार्धात फळे मिळू लागतात.

पुढच्या हंगामात गटांची जागा बदलावी. टोमॅटो, वांगी व मिरची एकाच कुळातील असल्याने त्यांचे रोग सारखे असतात. त्याच वाफ्यात पुन्हा तीच लावली तर रोग मातीत मुरतो. ज्या वाफ्यात शेंगा झाल्या, तेथे फळे किंवा पाने घ्यावीत. बांधाच्या कडेने झेंडू लावावा. टोमॅटोतील फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूवर अंडी घालतो आणि मुख्य पीक काही प्रमाणात वाचते. विहारात वंदनेसाठी फुलेही घरचीच मिळतात.

बियाणे घेताना पाकिटावरील मुदत पाहावी. घरात ठेवलेले जुने बी असेल, तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. सात किंवा अधिक उगवले तर बी पेरण्यास योग्य. त्याहून कमी उगवले तर दाट पेरावे किंवा नवीन आणावे. मेथी, धणे, चवळी यांचे सरळ वाणाचे बी पुढच्या वर्षासाठी घरी राखता येते. संकरित वाणाचे बी राखून उपयोग नाही, त्याचे गुण पुढे टिकत नाहीत.

पाणी

हिवाळ्यात दहा बाय तीन फुटांच्या वाफ्याला रोज साधारण एक बादली पाणी पुरते. बी उगवेपर्यंत झारीने हलके पाणी द्यावे, कारण बादली ओतली की बी वाहून एका कोपऱ्यात जमते. रोपे मोठी झाल्यावर एक दिवसाआड पण भरपूर पाणी द्यावे. वरवरच्या रोजच्या शिंपणाने मुळे वरच राहतात आणि ऊन लागताच झाड माना टाकते. बोट दोन इंच मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. मुळांभोवती सुके गवत किंवा पाचटाचे आच्छादन केल्यास पाण्याची बरीच बचत होते. तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेले पाणी वाफ्यासाठी राखून ठेवावे. साबणाचे पाणी पालेभाजीला घालू नये.

पाण्याचा उल्लेख करताना महाडचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी ज्यांना संघर्ष करावा लागला, त्यांच्या वारसांनी नळाखाली बादली भरून वाहू देणे शोभणारे नाही.

कीड आणि पहिले शील

बाग करणाऱ्या उपासकापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे शील घेतले आहे आणि मेथीवर मावा पडला आहे, वांग्यात अळी शिरली आहे. मग काय करावे?

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हत्या करण्याची इच्छा आणि हत्या करण्याची गरज यांत भेद केला आहे आणि अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे स्पष्ट केले आहे. हा भेद लक्षात ठेवला तर बागेतला मार्ग सापडतो. गरज येऊच नये अशी व्यवस्था आधी करावी आणि तरीही गरज पडली, तर आवश्यक तेवढेच करावे.

ही व्यवस्था अशी : रोपे दाट लावू नयेत. एकाच जागी तेच पीक घेऊ नये. रोज सकाळी पानांची खालची बाजू पाहावी. अंडी किंवा अळ्यांचा पुंजका असलेले पान तोडून बागेपासून दूर नेऊन टाकावे. किडलेले शेंडे व फळे झाडावर राहू देऊ नयेत. मावा थोडा असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने निघून जातो. ठिपक्यांचा लाल ढालकिडा व त्याच्या अळ्या मावा खातात, त्यांना ओळखायला शिकावे. दिसेल तो किडा शत्रू समजून विष मारले, तर हे मित्रच आधी मरतात आणि मावा पुन्हा दुपटीने येतो.

यानेही भागले नाही तर निंबोळी अर्क वापरावा. वाळलेल्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम भरड एक लीटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्याने गाळून त्यात चिमूटभर साबणाचा चुरा मिसळावा आणि सायंकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारावा. त्याच्या कडवटपणाने किडी पान खाणे सोडतात व त्यांची वाढ खुंटते. फवारलेली भाजी काही दिवस थांबून, चांगली धुऊन खावी. भेंडीची पाने शिरांसह पिवळी पडली किंवा मिरची-टोमॅटोची पाने आकसून गोळा झाली, तर तो विषाणूचा रोग असू शकतो. त्यावर औषध नाही. ते झाड उपटून टाकावे, म्हणजे बाकीची वाचतात.

दुकानातील जहाल कीटकनाशके घरच्या बागेत आणू नयेत, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. भगवंतांनी उपासकाने टाळावयाच्या पाच व्यापारांत विषाच्या व्यापाराची गणना केली आहे. ज्या वाफ्यातून मुले थेट मुळा उपटून खातात, तेथे विषाची बाटली कशाला?

श्रमाची वाटणी

परसबाग घरात आली म्हणजे ती आपोआप बाईच्या कामांच्या यादीत जाऊन बसते. पहाटेचे पाणी, डबे, मुले, नोकरी, त्यात आणखी चार वाफे! असे होणार असेल तर बाग न केलेली बरी. खणणे व खत वाहणे हे काम पुरुषांनी करावे, पाण्याची पाळी लावावी, विरळणी व नोंदी मुलांकडे द्याव्यात. ताटात वाढतानाही पाहावे. शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला पालेभाजी उरते का? ज्यांच्या रक्तासाठी ही मेथी लावली, त्यांच्याच ताटात ती नसेल तर साऱ्या खटपटीचा उपयोग काय? पालेभाजीतील लोह शरीरात चांगले शोषले जावे म्हणून जेवणात लिंबू किंवा टोमॅटो असावा आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मात्र भाजी खातो म्हणून बंद करू नयेत.

विहाराच्या आवारात बाग करायची झाल्यास ती उपासकांनीच करावी. विनयाप्रमाणे भिक्खूंना जमीन खणणे व झाडे-वेली तोडणे वर्ज्य आहे, म्हणून पूज्य भन्तेंना त्या कामात ओढू नये. चार कुटुंबांनी एकेक वाफा घ्यावा व दर पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास बागेसाठी द्यावा. पिकलेल्या भाजीचा काही भाग भोजनदानासाठी, काही वस्तीतील गरोदर व बाळंतीण भगिनींसाठी राखावा. ज्यांना स्वतःची वीतभरही जागा नाही, त्यांना शिकण्याची जागाही तेथेच मिळेल.

एक वही ठेवा

शेवटची सूचना साधी आहे. दोनशे पानी वही घ्यावी आणि तीत पेरणीची तारीख, उगवणीचा दिवस, पहिली काढणी, किती जुड्या किंवा किती किलो भाजी निघाली आणि खर्च किती झाला, हे लिहीत जावे. या लेखात दिलेले दिवस व अंतरे सर्वसाधारण आहेत. नागपूरची थंडी, रत्नागिरीची दमट हवा आणि सोलापूरचे ऊन यांत फरक पडणारच. कोणी सांगितले म्हणून मानू नये, अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहावे, ही तर कालाम लोकांना भगवंतांनी दिलेली शिकवण आहे. ती वाफ्यातही चालते. दोन हंगामांनंतर ही वही कोणत्याही लेखापेक्षा अधिक उपयोगी ठरेल, कारण ती तुमच्या मातीची असेल. पहिल्या वर्षी चारपैकी एखादा वाफा फसेल. ज्याची नोंद आहे ते फसणे पुढच्या वर्षी उपयोगी पडते.

वाडवडिलांनी दुसऱ्यांची शेते पिकवली आणि घरी येऊन कोरडी भाकरी खाल्ली. त्यांच्या नातवंडांच्या ताटात स्वतःच्या दारच्या मेथीची जुडी यावी, ही अपेक्षा फार मोठी नाही. त्यासाठी दहा बाय पंधरा फूट जागा, नाही तर खिडकीतला एक डबा, रोजचा अर्धा तास आणि थोडा धीर एवढेच भांडवल लागते. येत्या दीक्षादिनाला वंदना आटोपून घरी परतल्यावर प्रत्येक घराने निदान मूठभर धणे भिजत घालावेत, एवढीच नम्र विनंती.

नमो बुद्धाय! जय भीम!